गॅलरीतलं डिफरन्शियल

उदय, काल तुझं डिफरन्शियल विकलं. गॅलरीतल्या टेबलावर आता तेलाचा एक गोल डाग तेवढा राहिलाय. तू गेलास त्या आठवड्यात दळून आणलेलं पीठ अजून डब्यात आहे, म्हणजे मी घाईच केली म्हणायची. पण तूच सांगून ठेवलं होतंस, "मी गेल्यावर ते शोकेसमध्ये मांडून ठेवू नकोस. चालवणाऱ्या माणसाला दे." दुसऱ्या बायका नवऱ्याच्या इच्छेखातर तीर्थयात्रा करतात, अन्नदान करतात. मी गाड्यांच्या वेबसाइटवर जुन्या सुट्या भागाची जाहिरात दिली.

तुझ्याबद्दल लोकांनी बरंच चांगलं लिहिलं. सोसायटीच्या फळ्यावर 'हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले' असं आलं. ते वाचून मी जिन्यातच थबकले. पार्किंगमध्ये कोणी स्कूटर तिरकी लावली तर तिच्या सीटवर 'आपण विमान उतरवले आहे काय?' अशी चिठ्ठी ठेवणारा माणूस हसतमुख? तुझ्या ऑफिसातल्यांनी मात्र मेलमध्ये 'अचूक' असा शब्द वापरला होता. तो मला पटला. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचाच तुला पगार मिळायचा आणि घरी आल्यावर तेच काम तू विनामूल्य करायचास. माझ्या पोळ्यांच्या कडांपासून रिक्षावाल्याने घेतलेल्या वळणापर्यंत तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगत होते. डोक्याने दगा दिला, पण हात शेवटपर्यंत त्याचेच होते. आपल्याला मूल नाही. तुझ्या नाकाडोळ्यांचं कोणी मागे राहिलेलं नाही. या वाक्याखेरीज माझ्याजवळ तुझं काही उरलेलं नव्हतं, आणि ते खरं असल्याचा पुरावा गॅलरीत टेबलावर होता. आजारपणात बाकी सगळं चुकत गेलं, पण ते एक डिफरन्शियल तू स्वतः खोललंस, नव्या प्लेटा घालून नीट भरलंस. कोणाला खोटं वाटलं तर मी गॅलरीचं दार उघडून दाखवायला तयार होते.

ते घरात आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. भोसरीच्या कारखान्यात गिअरच्या खात्यात तू सुखाने नोकरी करत होतास. मग पुण्यात जो तो संगणकाचे क्लास लावायला लागला, तसा तूही लावलास, आणि बघता बघता हात काळे करणारा माणूस गळ्यात ओळखपत्र अडकवून एसीत बसायला लागला. पगार वाढला, सहकारनगरात फ्लॅट झाला, पाठोपाठ ती लाल गाडी आली. माझ्या मते ती गाडी होती. तुझ्या मते ती अर्धवट होती. कंपनीने तुला इंग्लंडला पाठवलं. तिकडून परतणारी तुझ्या ऑफिसातली माणसं बॅगेत काय बसवायचं याचा विचार महिनाभर आधीपासून करायची. परफ्यूम, कॅमेरे, साबण, चॉकलेटं. एकाच्या बॅगेत जागा उरली तर दुसऱ्याचं सामान त्यात जायचं, असा तुमचा रिवाज होता. तू तिथल्या कोणा शर्यतवाल्याकडून वापरलेलं डिफरन्शियल घेतलंस, दोन जीन्समध्ये गुंडाळलंस, आणि स्वतःच्या बॅगेचं सगळं वजन त्याच्यावर खर्च केलंस.

विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं, "हे काय?" तू म्हणालास, "वापरलेलं आहे." त्याने परत विचारलं, "अहो, पण काय आहे?" "माझं आहे." त्याने तुला का सोडलं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

घरी येऊन तू ते पलंगावर ठेवलंस, धुतलेल्या चादरीवर. छोट्या कुकरएवढं दिसत होतं, पण उचलायला गेले तर मनगटच खाली गेलं. मी म्हटलं, "आणि मला काय आणलंस?" तू जीन्स पुढे केल्यास. "या धुवायच्या आहेत." नातेवाइकांना वाटायची चॉकलेटं आपण दुसऱ्या दिवशी कॅम्पातल्या दुकानातून आणली आणि मागची किमतीची लेबलं नखाने खरवडत बसलो. तुझ्या आत्या एक तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "तिकडच्या दुधाची चवच वेगळी हो." तू गंभीरपणे मान डोलावलीस. मी स्वयंपाकघरात पळाले. पदर तोंडात कोंबून हसत होते मी, उदय. आता ते आठवून हसू आलं तर कोणाकडे बघायचं?

त्या रात्री मला समजावून सांगितल्याशिवाय तू जेवला नाहीस. वळणावर गाडीचं आतलं चाक हलकं होतं, त्याची जमिनीवरची पकड सुटते, आणि इंजिनची ताकद दोन चाकांत वाटून देणारं साधं डिफरन्शियल नेमकी त्यालाच ती सगळी देऊन बसतं. "घरात जे पोर रडतं त्याच्याकडेच सगळे धावतात ना, तसं," तू म्हणालास. "शहाणं पोर बिचारं बसून राहतं." ते बोलून गेल्यावर तू माझी नजर टाळलीस, कारण तेव्हा आपले मुलासाठी डॉक्टरांकडे खेपा घालण्याचे दिवस होते. तू लगेच पुढे गेलास. हे डिफरन्शियल तसं होऊ देत नाही. आत पातळ लोखंडी प्लेटा असतात, दोन जातींच्या. एकीचे दात आतल्या कडेला, दुसरीचे बाहेरच्या. त्या एकाआड एक रचायच्या. शेजारच्या प्लेटा एकमेकींवर घासल्या की दोन्ही चाकं एकमेकांना धरून राहतात. ताटातले पापड आणि पोळ्या घेऊन तू रचून दाखवलंस. ही, मग ती, मग ही, मग ती. पापडांचा चुरा झाला. माझं गाडीविषयीचं सगळं ज्ञान एवढंच, आणि तेही पापडांवर बेतलेलं.

ते बसवल्यावर गाडी लगेच पळवायची नसते, आधी प्लेटा एकमेकींना सरावाव्या लागतात. म्हणून रविवारी सकाळी आपण हिंजवडीच्या पुढे गेलो. तिथे नुसते रस्ते आखून ठेवले होते, इमारती व्हायच्या होत्या. मोकळ्या मैदानात तू गाडी सावकाश इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत बसलास. आतून कडाकट आवाज यायचे. मला वाटलं मोडलं. "आवाज येतोय म्हणजे काम करतंय," तू म्हणालास आणि आणखी एक आठ काढलास. म्हशी घेऊन चाललेले एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "लायसन काढायचं हाय व्हय?" तू म्हणालास, "हो ना. सारखा नापास होतोय." ते म्हणाले, "मग बाईंना चालवू द्या की."

मला मळमळत होतं. मी दोनदा सांगितलं. तू म्हणालास, "आणखी थोडं." तुझं सगळंच आणखी थोडं असायचं. मला त्या दिवशी तुझा मनापासून राग आला होता आणि परतताना मी वारज्यापर्यंत एक शब्द बोलले नाही. आता त्या मैदानावर काचेच्या इमारती आहेत. कोणी मला आज म्हणालं की बस त्या गाडीत, आणखी थोडं, तर मी दिवसभर मळमळ सोसत बसेन. पण असं कोणी म्हणत नाही.

त्या गाडीने तू कधी बक्षीस आणलं नाहीस. हौशी लोकांच्या स्पर्धा व्हायच्या, मातीच्या ट्रॅकवर, त्यात तू भाग घ्यायचास आणि कायम मधे कुठेतरी यायचास. "दर वेळी बरोबर मधे येणं हीसुद्धा अचूकताच आहे," असं मी एकदा चारचौघांत म्हटलं, तर तू दोन दिवस अबोला धरलास. पण ताम्हिणीच्या वळणांवर तू चालवत असताना मी तुझ्याकडे बघायचे. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे यायचं ते आपल्या लग्नाच्या एकाही फोटोत नाही. मला त्या लोखंडाचा हेवा वाटायचा. तरी ते शेजारच्या सीटवरून मला बघायला मिळालं, दुसऱ्या कोणाला नाही. याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे तुला सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, समोर बघ.

मग तुझा क्रम बिघडला. डोक्यात गाठ असल्याचं नंतर कळलं, आधी तू बुटावर मोजा चढवलास. मी हसले, तूही हसलास. पुढे एकदा चहा गाळून घेतलास आणि मग कपात पावडर टाकलीस. तेव्हा कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना माणसं ओळखू येतील, शब्दही बरेचसे राहतील, पण कशानंतर काय, हे जात राहील. शस्त्रक्रिया करण्यासारखं ते नव्हतं. तू बाहेर गेल्यावर त्यांनी मला थांबवून सांगितलं, "एक बरं आहे. करतील ते त्यांना बरोबरच वाटेल. चुकलं हे तुम्हाला दिसेल, त्यांना नाही." मी ते वाक्य पर्समध्ये घालावं तसं बरोबर घेऊन आले. ज्याने जन्मभर चुकाच शोधल्या त्याला निदान स्वतःच्या दिसणार नव्हत्या.

गाडी चालवणं बंद झालं. गाडी विकायला तू एका शब्दात तयार झालास, मला आश्चर्य वाटलं. पण देण्याआधी बिबवेवाडीला इक्बालभाईंच्या गॅरेजात नेऊन ते डिफरन्शियल काढून घेतलंस आणि गाडीत मूळचं साधं बसवून दिलंस. घरी येऊन आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "गाडीच नाही तर हे काय देव्हाऱ्यात ठेवायचंय?"

"याच्या प्लेटा झिजल्यात. नव्या मागवल्यात मी. त्या घालून, नीट करून मग विकायचं. झिजलेली वस्तू मी कोणाच्या गळ्यात मारत नाही."

"मग इक्बालभाईंना करू दे ना."

"नाही. हे मी करणार."

"उदय..."

"हे मला येतं," तू म्हणालास. इतक्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

तुझं म्हणणं, हे अजून येतं. माझं म्हणणं, येतं की नाही ते बघायला जायचंच कशाला. मी ते तोंडाने म्हटलं नाही, पण तुला ऐकू गेलं. हे भांडण आपण पुढे कधीच पूर्ण केलं नाही. तू प्लेटांचं पार्सल घेऊन गॅलरीत गेलास आणि मी बँकेत लांब रजेचा अर्ज दिला.

काम करताना मागे कोणी उभं राहिलेलं तुला कधीच चाललं नाही, म्हणून मी गॅलरीचं दार लोटून घ्यायचे. चहाला हाक मारली की तू बाहेर यायचास. "झालं का?" "होतंय." पुष्कळ दिवस नुसतं होतंय, होतंय. मग एका दुपारी तू आपणहून बाहेर आलास आणि "झालं" म्हणालास. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतलेस. खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "विकताना सांग, मी स्वतः भरलंय. उघडून बघायची गरज नाही." त्यानंतर तू गॅलरीत पाऊल ठेवलं नाहीस. नंतर अंथरूण, नंतर ते सगळं, जे मला इथे लिहायचं नाही. त्या सगळ्यात मी तुझ्या त्या 'झालं'ला धरून होते. तुझ्या तोंडात चमच्याने पेज घालताना मनात म्हणायचे, असू दे, पण त्याने ते नीट भरलं.

जाहिरात लिहिताना मात्र नाकी नऊ आले. माझी अख्खी नोकरी कर्ज खात्यात गेली. 'उत्तम स्थितीत', 'नव्यासारखे' असं कोणी लिहिलं की माझी पहिली शंका तिथेच. शेवटी लिहिलं, 'वापरलेले आहे. नव्या प्लेटा माझ्या पतींनी स्वतः बसवल्या आहेत. ते आता नाहीत. घासाघीस करणाऱ्यांनी फोन करू नये.' पहिला फोन आला तोच घासाघीस करायला. दुसऱ्याने विचारलं, डिलिव्हरी फ्री आहे का. तू असतास तर त्याला पत्ता म्हणून येरवड्याचा दिला असतास.

काल सकाळी विश्रांतवाडीहून निखिल आला. मूळचा यवतमाळचा, इथे आयटीत नोकरीला, गाडी तुझ्यासारखीच. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि मग गॅलरीत गेला. मला तो आवडला. वाटलं, हाच चालवणारा माणूस. तुझ्या खुर्चीत न बसता तो खाली फरशीवर बसला, डिफरन्शियल पुढ्यात घेतलं, पिशवीतून दोन लोखंडी दांडे काढून दोन बाजूंच्या भोकांत बसवले. एक दांडा पायाने दाबून धरला आणि दुसरा पिळला. तो गर्रकन फिरला. त्याने परत पिळला. परत फिरला.

"काकू, हे तर मोकळंच फिरून राहिलं," तो म्हणाला. "जोर लागायला पाहिजे न. प्लेटा संपल्या असतील."

"नव्या आहेत."

"मग एकदा खोलून पाहावं लागते."

"उघडायचं नाही." माझा आवाज चढला. "ते यांनी स्वतः भरलेलं आहे. यांच्या हातचं काम आजवर कोणाला तपासावं लागलेलं नाही."

त्याने दांडे ओढून काढले. मग अगदी मऊपणे म्हणाला, "राहू द्या काकू. मी येतो नंतर." आणि दांडे फडक्याने पुसून पिशवीत भरायला लागला.

तो नंतर येणार नव्हता, हे न कळायला मी काही खुळी नाही. तो जाणार, मित्रांना सांगणार, त्या सहकारनगरच्या बाईंकडे जाऊ नका, झिजलेला माल आहे आणि नवा म्हणून सांगतात. झिजलेली वस्तू गळ्यात मारणारा माणूस ठरणार होतास तू. तुझ्याच दारातून, तुझ्या फोटोला नमस्कार करून. मला ते सोसेना. मी म्हटलं, "थांबा. बिबवेवाडीला आमचे माहितीतले इक्बालभाई आहेत. त्यांच्यासमोर उघडा, आणि मग मला सांगा." मी पर्स उचलली, चपला घातल्या. तुझी बाजू मांडायला निघाले होते मी, ताठ मानेने.

इक्बालभाईंनी स्टुलावर स्वच्छ फडकं टाकून मला बसवलं. "भाभी, तुम्ही कशाला आल्या? फोन करायचा की, मी आलो असतो घरी." त्यांनी चहा सांगितला. निखिलने सगळं सांगितल्यावर ते हसले. "साहेबांनी भरलेलं? मग काय बघायचं त्याच्यात!" माझ्या जिवात जीव आला. तरी त्यांनी एकेक बोल्ट काढला, वरचं झाकण उचललं आणि आत पाहिलं. त्यांचं हसू तसंच राहून गेलं, आवरायचं विसरल्यासारखं. निखिल वाकला. "अरे, हे तर..." इक्बालभाईंनी नुसता हात वर केला. तो थांबला.

मी उठून जवळ गेले. प्लेटा नव्या कोऱ्या होत्या, चकचकीत. आधी आतून दात असलेल्या सगळ्या एकत्र. त्यांच्यावर बाहेरून दात असलेल्या सगळ्या एकत्र. ही, ही, ही, ही. मग ती, ती, ती, ती. मधे एकच जागा होती जिथे दोन जाती एकमेकींना भेटत होत्या.

"हे चुकलंय ना?" मी विचारलं.

"होतं असं, भाभी. घाईत कोणाच्याने पण होतं. माझ्याने पण झालंय."

हे ते इतकं वाईट खोटं बोलले की मलाच त्यांची दया आली. मी परत स्टुलावर येऊन बसले. चहाचा ग्लास हातात धरला. हात शेवटपर्यंत त्याचेच होते, हे संपलं. ठीक आहे, म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, करतील ते त्यांना बरोबरच वाटेल. तू तुझ्या समजुतीप्रमाणे नीट भरलंस आणि समाधानाने हात धुतलेस. एवढं तर माझ्याकडे राहिलं. माणूस चुकला, पण सुखात चुकला. मी एक घोट चहासुद्धा घेतला.

इक्बालभाईंनी बोल्ट फडक्यावर मांडले होते. ते एकेक उचलून उजेडाकडे धरून बघत होते. "भाभी, साहेबांनी हे किती डाव खोललं?"

"एकदाच. नव्या प्लेटा घातल्या तेव्हा."

"बोल्ट मी नवे दिले होते साहेबांना," ते स्वतःशीच म्हणाले, आणि एक माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या डोक्याचे कोपरे झिजून गोल झाले होते. दुसऱ्याचे, तिसऱ्याचे, सगळ्यांचेच.

"एक-दोनदा खोलून असं नाही होत, काकू," निखिल हळू आवाजात म्हणाला. "काका हे रोज खोलत असतील. रोज खोलायचं, रोज लावायचं."

इक्बालभाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोराची मान खाली गेली. पण ते बोलून झालं होतं.

मग त्यांनी प्लेटा बाहेर काढल्या, तेलात बुडवल्या आणि रचल्या. ही, ती, ही, ती. माझा चहा गार व्हायच्या आत सगळं झालंसुद्धा. एवढं तर मलाही आलं असतं, उदय. नवे बोल्ट लावून झाकण बंद केलं. निखिलने दांडे घालून पिळलं तेव्हा ते जागचं हललं नाही. अंगातला सगळा जोर लावल्यावर कुरकुरत थोडं फिरलं. "आता बरोबर आहे," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "काकू, तुम्हाला ठेवून घ्यायचं असेल तर राहू द्या न."

मी म्हटलं, न्या. ठेवून काय करू? आता ते इक्बालभाईंनी भरलेलं होतं. त्यात तुझं असं जे होतं ते चुकलेलं होतं, आणि ते माझ्यासमोर बाहेर काढून पुसून टाकलं होतं. झिजलेले बोल्ट इक्बालभाईंनी मला कागदात गुंडाळून दिले. ते मी वाटेत टाकले. कुठे टाकले ते विचारू नकोस.

घरी येऊन गॅलरीचं दार उघडं टाकून बसले आहे तेव्हापासून. त्या सगळ्या दुपारी मला आता नीट ऐकू येतायत. दाराआडून पान्याचा आवाज यायचा, कर्र, कर्र. मग शांत. मग परत कर्र, कर्र. मला वाटायचं तू रमलायस. माझ्या बहिणीला मी फोनवर सांगितलंही, "त्याचं चाललंय गॅलरीत, तेवढाच त्याला विरंगुळा." विरंगुळा! तू ते बंद करत होतास, फिरवून बघत होतास, ते मोकळं फिरत होतं. म्हणजे चुकलंय, हे तुला कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं. म्हणून परत उघडत होतास. डॉक्टरीणबाईंना काय माहीत तू कोण होतास. बाकी सगळं गेलं तरी चूक दिसायची तुझी नजर गेली नव्हती, आणि तीच तेवढी जायला हवी होती.

आणि ज्या दुपारी 'झालं' म्हणालास तेव्हा तू हरला होतास. उघडून बघायची गरज नाही, हे तू गिऱ्हाइकासाठी सांगितलंच नव्हतंस. ते माझ्यासाठी होतं. मी त्यावर विश्वास ठेवला आणि तुला विचारलं, चहाबरोबर काय देऊ.

तुझा मला राग आलाय, उदय. मेलेल्या माणसावर रागावून काही होत नाही हे माहीत असूनही आलाय. तू मला हाक मारायची होतीस. "अगं, जरा ये इकडे, हे काय चुकतंय बघ," एवढं म्हणायला तुझ्याकडे शब्द होते. शेवटच्या महिन्यातही होते. मागे उभं राहिलेलं चालत नव्हतं, तर मी शेजारी फरशीवर बसले असते, नुसती. तू रोज दुपारी तिथे बसून स्वतःला जाताना बघत होतास, आणि मी भिंतीच्या अलीकडे भाजी निवडत होते.